अजून वापरून पाहिलेलं नाही, पाच तारे

आमच्या नदीकाठावर पार्सल उघडायच्या आधीच फोनवर दुकानाला पाच तारे देतात. कुणी याला मूर्खपणा म्हणेल, तर म्हणू दे. पार्सलवर दुकानदाराने, ताईला इंग्रजीत 'सिस' म्हणत, चिठ्ठी चिकटवलेली असते, 'सिस, पाच तारे द्या हं, आमचं पोट यावर चालतं', आणि चिठ्ठीला एक आल्याची गोळी लावलेली असते. आता गोळी चघळत चघळत तीन तारे द्यायचे म्हणजे माणसाला लाज वाटते. मग सगळे एकच लिहितात : माल लवकर आला, अजून वापरून पाहिलेला नाही, टिकेल अशी आशा आहे. तवा असो, बुरखा असो, नाहीतर होडीच्या इंजिनाचा पट्टा.

हे मला ठाऊक, कारण सगळ्यांची पार्सलं माझ्याच दुकानात उतरतात. कुरियरवाला आपली मोटरसायकल नदीपलीकडे लावून होडीने येतो, गठ्ठा माझ्या फळीवर आदळतो आणि गोड चहा पिऊन जातो. पुढची वाटणी माझ्याकडे. सगळं गाव मला आचिल म्हणतं, मावशी म्हणावं तसं, आणि मावशीला फुकट राबवावं तसं राबवतं.

हमसियाची मोठी पिशवी आली त्या दिवशी मात्र मी कुरकुरले नाही. हमसिया शाळेची होडी चालवते. नवरा कोळशाच्या बार्जवर, म्हणजे मोठ्या मालवाहू नावेवर कामाला, घरी येतो तो पाहुण्यासारखा. आमच्या काठावरची अकरा पोरं ती रोज बारितो नदी ओलांडून शाळेत नेते, त्यात तिची लेक सल्वाही असते. गेल्या साली रानं पेटली होती, नदीवर धूर इतका दाट की हात पुढे केला तर बोटं दिसत नव्हती. त्या धुरातून एक बार्ज थेट अंगावर आली. हमसियाने होडी वळवली, पण सल्वा पाण्यात गेली. हमसियाने तिला केसांना धरून वर ओढली. आमची पोरं चालायच्या आधी पोहतात, पण दोन मजली लोखंड अंगावर आल्यावर पोहणं काय कामाचं. त्या दिवसापासून हमसियाने एकच ध्यास घेतला, प्रत्येक पोराच्या अंगावर जॅकेट पाहिजे, पाण्यावर तरंगवणारं.

गाव हसलं. आमचे वस्तीप्रमुख अमांग बसुनी सगळ्यात जास्त हसले. "नदीच्या पोरांना जॅकेट? उद्या बदकांना छत्र्या वाटशील."

"वाटीन," हमसिया म्हणाली. "आधी तुमच्या नातवाचं माप द्या."

आठवडाभर ती घरोघर फिरली. कुणी पैसे दिले, कुणी सुके मासे दिले, ते तिने विकले. शहरातल्या बंदरावरच्या दुकानात एका जॅकेटची किंमत ऐकून ती तशीच परत आली. मग फोनवर सापडली ही स्वस्त जॅकेटं. जाड, नारिंगी, सरकारी शिक्का असलेली, मोठ्या माणसालाही तरंगवतील असं खाली लिहिलेलं. शेकडो जणांनी पाच तारे दिलेले. ते शेकडो जण काय लिहून गेलेत हे मीसुद्धा वाचलं होतं, आणि मलाही त्यात काही खटकलं नाही. आपण जे रोज करतो ते खटकत नाही.

माझ्या दुकानासमोरच्या तराफ्यावर अकरा पोरं नारिंगी जॅकेटं घालून उभी राहिली. सल्वा मध्ये, दात पडलेला, तरी तोंडभर हसत होती. हमसियाने फोटो काढला, 'माल मिळाला' हे बटण दाबलं, पाच तारे दिले, फोटो जोडला आणि लिहिलं : 'मुलं फार खूश आहेत. अजून वापरून पाहिलेलं नाही, टिकेल अशी आशा आहे.' ते बटण दाबलं की पैसे दुकानदाराच्या खात्यात जातात, हे तिला माहीत होतं. दुकानदाराला ताटकळत ठेवणं तिला बरं वाटेना.

पंधरा-वीस दिवस सगळं छान चाललं. मग एका पोराला होडीत उलटी झाली. हमसियाने त्याचं जॅकेट धुवायला तराफ्याच्या कडेला पाण्यात टाकलं आणि साबण आणायला आत गेली. परत आली तर जॅकेट नाही. तिला वाटलं वाहून गेलं. वाकून पाहिलं तर तराफ्याच्या दोराला अडकून ते खाली, पाण्यात लोंबत होतं.

तिने ते ओढून काढलं. दोन हात लागले. मग आतून सल्वाचं, कोरडं जॅकेट आणलं, स्वतःच्या अंगात कसंबसं अडकवलं आणि पाण्यात उतरली.

"काय करतेस?" मी दुकानातून विचारलं.

"बघते, आचिल."

थोडा वेळ ती तरंगली. माझा जीव भांड्यात पडतोय तोच पाणी तिच्या हनुवटीला लागलं. जॅकेट पाणी पीत होतं. हमसिया आमच्या काठावरची सगळ्यात पट्टीची पोहणारी, ती पाय झाडायला लागली. मी धावले, बांबू पुढे केला, तिने तो धरला. वर आल्यावर तिने सुरीने शिवण उसवली. आत गादीच्या कापसासारखे स्पंजचे तुकडे, भांडी घासायच्या स्पंजचे असतात तसे, आणि मधे मधे कापडाच्या चिंध्या. तिने तो ओला गोळा पिळला. पाणी धो धो आलं.

"हे घालून सल्वा पडली असती तर," ती म्हणाली. मला दुकानदाराचा असा राग आला की समोर असता तर मी त्याला तेच जॅकेट घालून ढकललं असतं.

दुकानदार समोर नव्हता. तो जावा बेटावर कुठेतरी होता आणि फार गोड होता. 'सिस, फार वाईट वाटलं. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पाठवा, न थांबवता काढलेला.' व्हिडिओ नव्हता. 'मग कसं करायचं, सिस? माल मिळाला असं तुम्हीच कळवलंत. पाच तारे तुम्हीच दिलेत.' शेवटी हात जोडलेलं चित्र. मी म्हटलं, "हा हात जोडतोय की आपल्याला निरोप देतोय?"

हमसिया बंजरमासिन शहरात ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या कचेरीत गेली. तिथल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी भिजलेलं जॅकेट हातात घेतलं, फोनवरचं वर्णन वाचलं आणि सरळ सांगितलं, "जे लिहिलं ते दिलं नाही, म्हणजे तो दोषी. बटण दाबलं म्हणून तुमचा हक्क जात नाही, आणि व्हिडिओ नाही म्हणून तो हात झटकू शकत नाही. आम्ही त्याला बोलावू."

"कधी?"

"पत्र जाईल, तो उत्तर देईल, मग तारीख." मग बाईंनी विचारलं, "मुलं रोज जातात का?"

"उद्यासुद्धा जातील," हमसिया म्हणाली.

पत्र पोचलं असावं, कारण दुकानदाराचा सूर बदलला. आता तो फोनच करत होता. सगळे पैसे परत, वर थोडे जास्त, आजच्या आज. अट एवढीच, तक्रार मागे घ्यायची आणि तारे, फोटो, लिहिलेलं, सगळं आहे तसं राहू द्यायचं.

हमसियाने फोन ठेवला आणि माझ्या दुकानात येऊन बसली. अमांग बसुनीही आले.

"घे की पैसे," ते म्हणाले. "चांगली जॅकेटं आण. न्याय मिळाला, अजून काय पाहिजे? फळ्यावर तुझं नाव लिहायचं?"

"फोटो ठेव म्हणतोय," हमसिया म्हणाली.

"मग ठेव. फोटो काय बुडतोय?"

मीही त्यांच्याच बाजूने होते. मी तिला स्पष्ट सांगितलं, "आधी आपली पोरं. जगाची काळजी मग कर."

तिने फोन माझ्यासमोर धरला. त्या दुकानात सगळ्यात वर तिचाच फोटो होता. अकरा पोरं, नारिंगी रंग, मागे नदी. त्याखाली लोकांनी लिहिलं होतं : 'फोटो बघून विश्वास बसला.' 'मीही आमच्या बेटावरच्या मुलांसाठी मागवतेय.' 'इतकी गोड मुलं, मागवलंच.' ती बोटाने खाली खाली जात राहिली. ते संपेना.

"आचिल, हे सल्वाचा चेहरा बघून घेतायत."

"तू फसवलंस का? तुलाच फसवलं."

"मला फसवलं तेव्हा मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "आता माहीत आहे."

लिहिलेलं एकदाच बदलता येतं, दुसऱ्यांदा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला फोन धरायला लावला आणि जॅकेट घालून परत पाण्यात उतरली. या वेळी तिने हात-पाय हलवले नाहीत. मी व्हिडिओ काढला, हनुवटी, तोंड, कपाळ, मग नुसतं पाणी. मग ती तराफ्याचा दोर धरून वर आली, जॅकेट फाडून दाखवलं आणि एका पुठ्ठ्यावर लिहिलेला आपला नंबर समोर धरला. ज्यांनी घेतलीत त्यांनी मला फोन करा, असं म्हणाली. पाच ताऱ्यांचा एक तारा केला. पोरांचा फोटो काढून टाकला, व्हिडिओ लावला.

दुकानदाराने तासाभरात कळवलं की आता एक रुपियाही मिळणार नाही, कचेरीत भेटू, वर्षभर भेटत राहू. गावाने काय काय ऐकवलं ते मी लिहीत नाही. ज्यांनी सुके मासे दिले होते त्यांनीसुद्धा ऐकवलं. अमांग बसुनींच्या सुनेने तर दारातूनच विचारलं, "तुझ्या खरेपणाचं जॅकेट शिवून देणार का आमच्या पोराला?" मीही हमसियाशी दोन दिवस नीट बोलले नाही. मला राग आला होता, आणि तिचं बरोबर आहे हे कळत होतं म्हणून जास्तच आला होता.

तिसऱ्या सकाळी ती पोरांना होडीत बसवत होती. तिचा फोन माझ्या फळीवर होता, तो वाजला. "आचिल, बघता का जरा? माझे हात ओले आहेत."

मी पाहिलं. कुणा अनोळखी बाईचा निरोप होता, सुलावेसीच्या बाजूच्या एका बेटावरून, 'इबू' म्हणजे बाई असं मानाने म्हणत.

'इबू, तुमचा व्हिडिओ पाहिला. कृपा करून काढा. आम्हीही घेतली आहेत, चौदा. आमचीही तशीच निघाली. तो पैसे परत देतो म्हणाला होता, मी गप्प राहायचं कबूल केलं होतं. आता म्हणतो, आधी त्या बाईंचा व्हिडिओ काढायला लावा, मग देईन. आम्ही गरीब माणसं आहोत, इबू. तुम्हालाही मुलं आहेत.'

मी हमसियाला वाचून दाखवलं. तिने होडीचा दोर सोडता सोडता माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता.

"तुम्हीच लिहा, आचिल. त्या दिवशी तुम्हीही हेच म्हणत होता."

मला ते झोंबलं. मी फोन घेऊन उभी राहिले. इंजिन सुरू झालं, होडी निघाली. त्या बाईने मागितलं होतं तेच तर मी हमसियाकडे मागितलं होतं. शेवटी लिहिलं, 'काढणार नाही. मला माफ करा. पण आज मुलांच्या अंगावर ती घालू नका, ती ओढून खाली नेतात.'

उत्तर लगेच आलं. 'मग काय घालू?'

मी मान वर केली. होडी नदीच्या मध्यावर पोचत होती. पलीकडून बार्ज येत होती, हमसिया कडेने जात होती. पोरं दोन रांगांत बसली होती, आणि प्रत्येकाने छातीशी एक एक तेलाचा रिकामा प्लास्टिकचा डबा घट्ट धरला होता, दोरीने कमरेला बांधलेला. माझ्याच दुकानातले डबे. आदल्या संध्याकाळी ती मागून घेऊन गेली होती, कशाला ते मी विचारलं नव्हतं.

हे कुणाला लिहायचं म्हणजे माझी मान खाली गेली. तरी मी लिहिलं, 'तेलाचे रिकामे डबे द्या. बूच घट्ट लावा.'