एकोणतीस सप्टेंबर, संध्याकाळचे पाच

नवीन आवृत्ती उपलब्ध आहे.
आता घ्या / नंतर विचारा

नंतर विचारा.

ही चौकट गेली की विमान दिसतं. चार माणसांचं, एका पंख्याचं, पांढरं, लातूरच्या धावपट्टीवर उभं. माझ्या शेजारी खुर्चीत माय. तारामती, वय शहात्तर, मांडीवर भाजलेल्या शेंगांची ताटली. आम्ही बसलेलो असतो नांदेडला, तिसऱ्या मजल्यावर, रविवारी दुपारची जेवणं झाल्यावर. बाहेर टळटळीत ऊन. पडद्यावर मात्र कायम एकोणतीस सप्टेंबर एकोणीसशे त्र्याण्णव, बुधवार, संध्याकाळचे पाच.

तारीख मी लावलेली आहे. सिम्युलेटरमध्ये कोणतीही लावता येते. लावली की सूर्य त्या दिवशी जिथे होता तिथे जाऊन बसतो, आणि तिथून घड्याळ पुढे चालायला लागतं. पावणेसहाला मी विमान उतरवतो आणि मशीन बंद करतो. इतक्या वर्षांत त्या घड्याळात सहा वाजू दिलेले नाहीत.

उड्डाणाआधीची तपासणी

इंधन: पूर्ण.
वारा: नाही.
ढग: नाहीत. मायला ढग चालत नाहीत, खालचं दिसत नाही.
तारीख: पाहिली. पुन्हा पाहिली.
गाव: आहे.

गाव किल्लारीपासून चार किलोमीटर, तेरणेच्या अलीकडे. म्हणजे होतं. आता तिथे बाभळी आणि चौथऱ्यांचे दगड. भूकंपानंतर लोकांना तीन किलोमीटरवर नवीन गाव बांधून दिलं, सरळ रस्त्यांचं, नंबरांच्या घरांचं. जुनं गाव फक्त या मशीनमध्ये आहे. ते मी आणि अण्णांनी बांधलं.

अण्णा म्हणजे माझे वडील, शेषेराव. ते सांगायचे, मी काढायचो. पॉलिटेक्निकला ड्रॉइंग शिकवतो, तेवढं येतं. "वेशीतून आत आलं की डाव्या हाताला मारुती. मारुतीपासून चाळीस पावलं संगमेशचं घर. त्येच्या भिंतीला लागून दानम्माचं. दोघांच्या मधी बोळ, बैल जाईल एवढा." चार हिवाळे लागले. तीनशे बारा घरं. सगळी दगडाची, वर मातीचं माळवद. शेवटी शेवटी त्यांना माझी गरज उरली नव्हती. स्वतःच माऊस धरून घरं सरकवायचे. "म्हादूचं घर दोन हात उगवतीला घेतलं बघ. भांडला असता न्हाई तर."

अण्णांना जाऊन चार वर्षं झाली. ते गेल्यावरच्या पहिल्या रविवारी मायनं विचारलं, "त्ये गाव चालू होतंय का अजून?"

पहिली फेरी

लातूरहून दक्षिणेला. औसा मागे पडलं. नदी ओलांडली नाही, तिच्या काठानं पूर्वेकडे गेलो, मग वळून गावावर आलो, सूर्य समोर. तीनशे बारा माळवदं, मातकट, एकसारखी. आणि मधूनच एक उजेड डोळ्यांवर आला. टिचकी मारल्यासारखा. गेला. परत आला.

मी तिथे दिवा ठेवलेला नव्हता. पूर्ण गावात दिवा ठेवलेला नव्हता.

मायनं शेंग सोलणं थांबवलं.

"पुनी हाय," ती म्हणाली.

पुनम. माझी बहीण, वय नऊ. संध्याकाळी पाचच्या सुमाराला गावावरून एक विमान जायचं, फार उंच, मुंबईहून कुठेतरी. पुनी मायच्या फणेरपेटीतला फुटका आरसा घेऊन माळवदावर जायची आणि त्याच्यावर उन्हाचा कवडसा मारायची. "एक दिवस उतरतंय बघ," म्हणायची. विमान उतरलं नाही.

त्या रात्री माय माहेरी होती, मुखेडला. मी लातूरला वसतिगृहात. अण्णा शेतात जागलीला. घरात पुनी आणि काकू. पहाटे तीन छप्पन्नला माळवद खाली आलं.

माय म्हणते, "गाव उभं ठिवून गेल्ते मी. परत आले तर न्हाई."

तेव्हापासून दर रविवारी. उजेड दर रविवारी येतो. कधी एकदा, कधी तीनदा.

नवीन आवृत्ती उपलब्ध आहे.

"पप्पा, तुम्ही परत 'नंतर' दाबलं," तनुजा म्हणाली. माझी मुलगी, बारावी झाली, वैमानिक व्हायचंय. नुसतं म्हणत नाही. प्रशिक्षण संस्थेच्या निवडीच्या दोन पायऱ्या पार केल्या आहेत. तिसरी सिम्युलेटरवर आहे, दीड महिन्यानं, आणि तिचा क्लास सोमवारी सुरू होतो. "सर नवीनवरच शिकवतात. आपल्यात अर्धी बटणंच नाहीत. मी तिथं जाऊन काय सांगू, आमच्याकडे त्र्याण्णव साल आहे?"

"दुसरं मशीन घेऊ."

"दुसऱ्याचे पैसे म्हणजे दिवाळी. तुम्हाला माहितीये." मग आवाज खाली आणून, "आजीसाठी ठेवलंय का तुम्ही, का तुमच्यासाठी?"

मी वजिराबादेत अमरेशच्या दुकानात मशीन नेलं. त्यानं झाकण काढून फुंकर मारली.

"सर, ह्यो बोर्ड बदलावा लागतंय. न्हाई तर नवीन चालणारच न्हाई."

"आणि जुनं?"

"बोर्ड बदलला की जुन्याचा परवाना गेला. परत मागायला गेलात तर देणारं कुणी न्हाई, त्येंनी त्ये खातंच बंद केलंय."

"आणि गाव?"

"कोणतं गाव?"

"फाइल. एक फाइल आहे त्यात."

"फाइल कुठं जाती? फाइल राहील की." त्यानं झाकण परत लावलं. "उघडणार कशात?"

तनुजानं तेवढ्यात एक वाट काढली. नवीन आवृत्तीत जुनी घरं आणता येतात असं तिनं कुठेतरी वाचलं होतं. फाइल साध्या अक्षरांत उघडायची, एकेक ओळ बदलायची. शनिवारी सकाळी मी उघडली. प्रत्येक घराची एक ओळ. नंबर, कुणाचं, भिंत, छप्पर.

१४५ म्हादू. दगड. माती.
१४६ नरसिंग सुतार. दगड. माती.
१४७ शेषेराव. दगड. पत्रा.
१४८ मठ. दगड. माती.

मी खालपर्यंत गेलो. माती, माती, माती. परत वर आलो.

१४७. पत्रा.

मी लिहिलेलं नाही हे. आमच्या घरावर पत्रा कधीच नव्हता. बदल केल्याची तारीख शेजारी होती: अण्णांची शेवटची दिवाळी. आणि मला आठवलं, त्या दिवाळीत ते मशीनपाशी बसलेले, मी पेपर तपासत होतो, आणि त्यांनी विचारलं होतं, "ह्येच्यातली माती काढता येती का रे?"

"कसली माती?"

"काय न्हाई. इच्यारलं."

तर उजेड हा होता. पूर्वेकडून यायचं, सूर्य समोर, खाली एकच पत्रा. जुन्या आवृत्तीला पत्रा नीट रंगवता येत नाही, आरशासारखा चमकवते. झालं. चार वर्षं ज्याच्यासाठी मी नंतर, नंतर करत होतो तो एका शब्दाचा उजेड होता.

पत्रा एका फेरीत एकदाच चमकायला हवा. तीनदा का, ते मला सापडलेलं नाही.

नवीन आवृत्तीत हे होणार नाही, हेही तनुजानं वाचलं होतं तिथेच लिहिलेलं होतं. तिथे पत्रा पत्र्यासारखा दिसतो.

मायला सांगायचं की नाही

सांगितलं तर पुनी जाते.
नाही सांगितलं आणि नवीन घेतलं, तरी जाते.
नाही सांगितलं आणि नवीन नाही घेतलं, तर राहते. तनुजा मागे राहते मग.

रविवारी दुपारी मी तिला फाइलमधली ओळ दाखवली. माझं बोट ओळीखाली. तिला वाचता येतं, सावकाश.

"माय, ती पुनी नाही. अण्णांनी घरावर पत्रे टाकलेत. ते चमकतात."

तिनं ओळ वाचली. परत वाचली.

"मला मालूम हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्येंनीच दाखवलं न्हवं का. हितंच बसून. 'तारा, हे बघ, टाकले तुझे पत्रे.'" तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्या साली गळत होतं माळवद. मी म्हनलं पत्रे टाका, एवढी माती कशाला चढवताव वर, दर साली आपली माती, माती. म्हनले पत्र्याखाली पोरं भाजत्याल उन्हाळ्यात. सहा गाड्या पांढरी माती टाकली मे महिन्यात. सहा. मी पाणी देत हुते माणसांना."

सहा गाड्या. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. अण्णा जाईपर्यंत घरात अठ्ठावीस वर्षं हे दोघांमध्ये होतं, जेवताना, झोपताना, मी आलो की गप्प.

"मग पुनी हाय असं कामून म्हणायचीस?"

"पत्रे चमकले म्हंजे पुनी न्हाई असं कुणी सांगितलं तुला?"

तनुजा दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं बहुतेक, कारण ती म्हणाली, "आजी, राहू दे. मी दिवाळीनंतर बघते."

"तू गप. दिवाळीला तुझी परीक्षा निघून गेलेली असंल." मग माझ्याकडे वळून, "घड्याळ लाव बरं. आन् बंद करू नको आज."

"म्हणजे?"

"पत्रे हायेत ना आता? मग जाऊ दे पुढं. कधी जाऊ देत न्हाईस. दर बारीला पाच वाजले की पाच वाजले. सकाळ बघायची मला."

तीस सप्टेंबर

विमान मी पहिल्यांदाच गावाजवळ उतरवलं, नदीकाठच्या माळावर. तिथून घरं उंच दिसतात. अण्णांनी सरकवलेली, माझ्या हातच्या चुकांची. वेळ सोळापट केली. सहा वाजले. सूर्य नदीपलीकडे गेला. सात.

मग काळं. मी गावात दिवे ठेवले नव्हते, सांगितलंच. पडदा पूर्ण काळा झाला आणि त्यात आमची तिघांची तोंडं दिसायला लागली, मागे नांदेडची खिडकी, खिडकीत दुपार. मशीनचा पंखा घरघरत होता. कोपऱ्यात घड्याळ तेवढं पळत होतं, एक मिनिट चार सेकंदांत.

एक. दोन. तीन वाजले.

माझा हात माऊसवर गेला. बंद करायला. मायनं मनगट धरलं. तिची बोटं शेंगांच्या फोलपटांनी खरबरीत.

तीन चोपन्न.
तीन पंचावन्न.
तीन छप्पन्न.

टेबलावरची ताटली किणकिणली. शेंगा सरकल्या. खालून एखादा डंपर गेला असेल. तनुजा खिडकीकडे बघायला वळली, मी वळलो नाही. चार सेकंद किती असतात हे मला आता माहीत आहे.

तीन सत्तावन्न.

काळ्या पडद्यात काय होतं ते दिसत नव्हतं. पाच वाजले. मग एक राखाडी रेघ आली, आणि रेघेवर आधी मारुतीचं शिखर, मग मठ, मग एकेक भिंत. मी मोजत गेलो. दानम्माचं होतं. संगमेशचं होतं. म्हादूचं, दोन हात उगवतीला. आमचं होतं. पलीकडून ऊन आलं. सगळं गाव उभं होतं आणि सकाळ झाली होती, गुरुवार.

मायनं मनगट सोडलं. पांढरे वळ उमटले होते.

"चल," ती म्हणाली. "एक फेरी मार."

वेळ पुन्हा साधी केली, विमान उचललं. पूर्वेकडे गेलो, वळलो, नेहमीसारखा गावावर आलो. सूर्य पाठीला. तीनशे बारा छपरं खालून सरकली.

काही चमकलं नाही.

चमकणार नव्हतंच. सकाळी सूर्य दुसऱ्या बाजूला असतो. पत्रा पाहायचा तर पश्चिमेकडून यावं लागेल. नुसतं विमान फिरवायचं होतं, अर्ध्या मिनिटाचं काम. माझा हात दांडीवर होता.

माय पडद्याजवळ वाकली. बराच वेळ घराकडे बघत राहिली, मागे जाईपर्यंत.

"शाळंला गेली असंल," ती म्हणाली. "गुरुवारी वर्ग झाडायची तिची पाळी असती. लवकर जाती."

मी विमान फिरवलं नाही.

सरळ लातूरला नेलं. उतरवलं. माय उठली, फोलपटं ताटलीत गोळा केली आणि स्वयंपाकघराकडे जाता जाता तनुजाच्या पाठीत एक धपका घातला. "सांग त्या दुकानदाराला. टाक म्हनावं तुझं नवीन. आन् उतरायचं नीट शीक आधी, तुझ्या बापासारखं आपटू नको."

मशीननं विचारलं, हे उड्डाण जपून ठेवायचं?

ठेवलं. घरांच्या ओळी नेता येतील, पण हे उड्डाण उघडणार कशात, ते माहीत नसूनही. नाव मागितलं तेव्हा लिहिलं: तीस सप्टेंबर, सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं.

मग ती चौकट आली.

आता घ्या.