चारी उपडे म्हणजे आठ

सरपंच बबनराव अंगणवाडीत शिरले ते तावातच. "गीताबाई, लेकरांना जुगार शिकवती काय? पूस ते आदी!"

ते म्हणजे मदतनीस गीताबाईनं फरशीवर खडूनं आखलेला चल्लसचा पट. उभी पाच, आडवी पाच, पंचवीस घरं. सरकारी खेळणी वर्षभर कपाटात कुलूपबंद, किल्ली कुणाकडं ते देवाला ठाऊक. मग लेकरांनी आकडे शिकायचे कशावर? बबनरावांच्या टक्कलावर? गीताबाई झाडायची, खिचडी शिजवायची, सगळं करायची. हांजी हांजी तेवढी तिला जमत नव्हती.

"पुसते की," ती म्हणाली. "एक डाव खेळा, तात्या. जिकलात तर पुसते. हारलात तर ह्योच पट ऑइलपेंटनं आखणार."

लेकरांनी गिल्ला केला. माघार घेतली तर गावात हसं होणार, म्हणून बबनराव मांडी घालून बसले. समोर त्यांचीच पाच वर्षांची नात आरोही. सोंगटी एकेकच: त्यांचा खडा, तिचा बांगडीचा तुकडा.

"हे चिंचोके, फोडून केलेल्या चार फाका," गीताबाईनं सांगितलं. "जितक्या पांढऱ्या वर, तितकी घरं चालायचं. चारी उपड्या पडल्या तर आठ. दुसऱ्याची सोंगटी मारल्याबिगर आतल्या घरांत जायचं न्हाई. आन् मोजायच्या आदी फाका उचलल्या की दान गेलं."

बबनराव ऐकत होते कुठं? ते मोबाईल बघत होते.

आरोहीनं लवकरच त्यांचा खडा मारला आणि ती आत वळायच्या घरावर येऊन थांबली. खडा तिच्या मागं बरोब्बर आठ घरं. बबनरावांनी फाका टाकल्या. चारी उपड्या! गीताबाईनं पटाकडं बघितलं. गेला पट, संपला.

"हात्तिच्या मायला, एक बी न्हाई!" म्हणत बबनरावांनी फाका गोळा केल्या.

"आबा, आठ पडलंतं!" आरोही किंचाळली. "मला मारलं असतं तुमी!"

"मंग परत टाकतो."

"रडीचा डाव खडी!" लेकरांनी एकच कल्ला केला.

पुढच्या पाच-सहा दानांत आरोहीची सोंगटी मधल्या घरात जाऊन बसली, म्हणजे डाव जिंकली. बबनराव तांबडेलाल झाले.

"पोरखेळ हाय ह्यो! पूस म्हणतो ना! उद्यापासून कामावर येऊ नको!" त्यांनी स्वतःच बादलीतलं फडकं उचललं.

गीताबाईच्या अंगाची लाही लाही झाली. मोठ्या माणसाचा शब्द, आणि तो लेकरांसमोर असा गिळायचा! ती तोंड उघडणार तेवढ्यात आरोही उठली आणि मधल्या घरात फतकल मारून बसली. मग बाकीची धावली. कुणी कोपऱ्यात, कुणी काठाला, एका घरात दोघंदोघं. पट दिसेनासा झाला.

फडक्याचं पाणी बबनरावांच्या पांढऱ्या धोतरावर ठिबकत होतं.

"पुसा की, तात्या," गीताबाई म्हणाली. "लेकरं उठवा आन् पुसा. म्या बघते."