तुटायला हवी होती ती पिन

विमानाचे पाय बनवणाऱ्या माणसाने देवाकडे एकच मागावं, काही मोडू नये. या डिझायनरचं मागणं मात्र उलटं होतं. विमानाचा चाकं लावलेला पाय पंखाला जोडणारी पिन त्याने डिझाइन केली होती, आणि ती तुटावी म्हणून सकाळपासून तो देवाला हात जोडत होता.

धावपट्टीवरून घसरलेलं विमान खड्ड्यात आपटलं, तर पायाने मुकाट्याने निखळून पडावं. तो अडून बसला तर पंख फाडतो, आणि पंखात इंधनाची टाकी असते. म्हणून ठरलेल्या भाराला पिनेने शहाण्यासारखं तुटायचं. हे त्याने सासूबाईंनाही समजावून पाहिलं होतं. पण जावई तुटणाऱ्या वस्तू बनवतात, हे त्या चारचौघींत कोणत्या तोंडाने सांगणार? त्या 'विमानात आहेत' एवढंच सांगत.

पहिली पिन फार लवकर तुटली होती. दुसरी तुटायची सोडून नुसतीच वाकली. आज तिसरी. हिने दगा दिला की विभागाला कुलूप आणि सगळे घरी. मोठ्या साहेबांनी हे चहात बिस्किट बुडवता बुडवता सांगितलं होतं, आणि बिस्किट पडू दिलं नव्हतं.

चाचणीच्या शेडमध्ये पंखाचा तुकडा लोखंडी चौकटीत आवळलेला होता. तसला तुकडा तेवढा एकच. गळती दिसावी म्हणून त्यातल्या टाकीत लाल पाणी भरलं होतं. जॅक पायाला मागे रेटू लागला आणि आकडा चढू लागला.

एवढ्यात मेहुणा शेजारी येऊन उभा राहिला. पिन त्याच्याच वर्कशॉपमधल्या लेथवर झाली होती, म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून बघायला आला होता.

"भावजी, आज निवांत राहा," तो कानात म्हणाला. "ही तुटत नाही."

"म्हणजे?"

"ताई फोनवर रडत होती. यांच्या पिना धड निघत नाहीत, नोकरी जाणार म्हणाली. म्हटलं, मग आपण कशाला आहोत? भारीतलं पोलाद घातलं!"

"अरे, ड्रॉइंगवर पोलाद लिहिलं होतं ना?"

"ते अगदीच साधं होतं हो. म्हटलं, कंपनी चिकटपणा करतेय."

तपासणीत नुसती मापं घेतली होती. मापं तंतोतंत होती.

जॅक थांबवायचं लाल बटण हाताशी होतं. दाबलं तर पंख वाचणार, विभाग आत्ताच संपणार. न दाबलं तर... डिझायनरच्या मनात एक आशा लुकलुकली. जन्मात पहिल्यांदाच त्याला वाटलं, आपल्या मेहुण्याला कोणीतरी गंडवलेलं असू दे.

"कोणाकडून घेतलंस पोलाद?"

"ओळखीचाच आहे."

"जरा लबाड वगैरे?"

"छे छे! देवमाणूस!"

"साहेब," जॅकवाला ओरडला, "तुटायची खूण ओलांडली. थांबवू?"

सगळ्या माना डिझायनरकडे वळल्या. मोठ्या साहेबांचीही.

"अजून थोडं," डिझायनर म्हणाला.

चौकट कण्हली.

"साहेब?"

"थोडंच. तुटेल."

पंख फाटला. आवाज असा झाला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. लाल पाणी फरशीवर धावत सुटलं आणि मोठ्या साहेबांच्या बुटांत शिरलं. ते विजार गुडघ्यापर्यंत वर धरून बाहेर पडले.

मेहुणा पिनेपाशी वाकला होता. "बघा, भावजी! साधा ओरखडा नाही!" मग त्याने भावजींचा चेहरा पाहिला, आणि त्याचं हसू हळूहळू उतरलं. "काही चुकलं का हो?"

डिझायनरच्या हाताखालची माणसं बादल्या आणि फडकी घेऊन आली आणि पाणी पुसू लागली. कोणी त्याला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. तो एकाच्या शेजारी उकिडवा बसला आणि फडक्यासाठी हात पुढे केला.

"राहू द्या, साहेब," तो माणूस फडकं न सोडता म्हणाला. "आजच्या दिवस आहे अजून नोकरी. करू द्या."