पंधरा मिनिटं उकळलेलं पाणी

मी किटली बोलतेय. गॅसवर बसून शिट्टी मारणारी, स्टीलची, जाड बुडाची. माझ्या पोटात डोकावलात तर आतून एक पांढरी कड दिसेल. कृपा करून ती घासायला घेऊ नका. परवा भांडी घासणाऱ्या मावशी तारेची घासणी घेऊन निघाल्याच होत्या, तर आमच्या लेखिकेने त्यांचा हातच धरला. "मावशी, ती राहू दे!" मावशींना वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. डोकं फिरलेलं नाही. ते का फिरलेलं नाही, हे सांगायलाच आज तोंड उघडलंय. एरवी माझं तोंड उघडतं ते फक्त वाफ सोडायला.

एका कारखान्यात पत्र्याच्या तुकड्यातून माझा जन्म झाला. साच्यात दाबलं, चोच जोडली आणि चोचीवर शिट्टीचं छोटं झाकण बसवलं. तपासणीच्या टेबलावर एका कामगाराने माझ्यात पाणी भरून उकळलं. मी जीव खाऊन शिट्टी मारली. त्याने कानावर हात ठेवले आणि मान डोलावली. माझं झालेलं ते पहिलं कौतुक. पुढे बरीच वर्षं दुसरं कुणी केलं नाही.

मला विकत घेतलं ते आबांच्या बायकोने. आबा म्हणजे या घरातले म्हातारे शिंपी. आयुष्यभर शिलाई मशीन चालवलं, आता गुडघे बोलायला लागले म्हणून घरी असतात. त्यांच्या बायकोने मोठ्या हौसेने मला घरी आणलं, पुसलं आणि काचेच्या कपाटात ठेवून दिलं. म्हणाली, "चांगली आहे गं बाई. पाहुणे आले की काढू."

पाहुणे येत, जात. चहा त्याच काळ्या पडलेल्या पातेल्यात होई. दरवेळी तिला वाटे, यांच्यासाठी कशाला, कुणी खास आलं की काढू. माणसांची ही एक गंमतच आहे. चांगली वस्तू आणतात आणि तिच्यापासून स्वतःलाच लांब ठेवतात. बिचारी एक दिवस गेली, माझ्या हातचा एक कप चहा न पिता. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मग सून आली. तिने पहिल्याच आठवड्यात कपाट उघडलं आणि विचारलं, "आबा, ही किटली कुणासाठी ठेवलीय?"

आबांनी कपाटाच्या काचेवरून हात फिरवला. मग म्हणाले, "तुझ्यासाठीच असेल."

ही सून सकाळी औषधाच्या दुकानात असते. चिठ्ठ्या वाचते, गोळ्या देते, कुणी दोनच्या जागी चार घ्यायला निघालं तर दरडावते. दुपारी घरी येते आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून एका वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी विज्ञानाचे लेख लिहिते. दर आठवड्याला एक. अर्धवेळ विज्ञानलेखिका म्हणतात तिला. आबा तिला चिडवतात, "अर्धा वेळ विज्ञान, मग उरलेला अर्धा वेळ काय जादूटोणा?" ती म्हणते, "उरलेला अर्धा वेळ तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या शोधणं." आबांनी तिचं नाव विज्ञानबाई ठेवलंय. ती रागावल्यासारखं करते, पण एकदा त्यांनी नुसतंच "अगं" म्हटलं तर विचारत बसली, "आबा, काही चुकलं का माझं?"

तिच्या लिहिण्यात माझी नेमणूक कशी झाली, तेही सांगते. मोठमोठ्या शास्त्रज्ञांना फोन करून ती म्हणते, "सर, हेच पुन्हा सांगता का, जरा सोपं करून?" ते सांगतात, ती म्हणते, "अजून सोपं." मग लेख होतो. झाला की मला गॅसवर ठेवायचं, आबांना समोर बसवायचं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात करायची. माझी शिट्टी झाली की थांबायचं. तोवर लेख कशाबद्दल आहे हे आबांना कळलं नसेल, तर ती सुरुवात बाद. आबा विज्ञान शिकलेले नाहीत, पण कळलं नाही तर कळल्याचा आव आणत नाहीत. हात वर करून म्हणतात, "इथं धागा तुटला." लेखिका कपाळावर हात मारते आणि पुन्हा लिहिते.

चांगल्या चांगल्या सुरुवातींना मी शिट्टी मारून घरी बसवलंय, सांगायला हरकत नाही.

आमचं असं छान चाललं होतं. पण तिच्या नवऱ्याने एक दिवस विजेवरची किटली आणली. लेखाच्या धावपळीत बायकोचा वेळ वाचावा म्हणून आणली, मन चांगलं आहे त्याचं. ती पांढरी, बटणाची. पाणी उकळलं की टिक करून आपोआप बंद होते. शिट्टी नाही, आवाज नाही, कशाचं सोयरसुतक नाही. आबांना समोर बसवून पान उघडेपर्यंत तिचं पाणी तयार! मग हळूहळू वाचणंच सुटलं. "आबा, आज घाई आहे, पुढच्या आठवड्यात वाचते," असं म्हणत लेख थेट पाठवायची सवय लागली. आणि मी गेले कपाटाच्या वर, चाळणी आणि मोडक्या किसणीच्या शेजारी. तिथून मला छत फार जवळून दिसायचं. छतावर बघण्यासारखं काही नसतं.

त्याच दिवसांत नणंद तान्ह्या बाळाला घेऊन चार दिवस माहेरी आली. तिचं घर शहराबाहेर नव्या वसाहतीत, तिथे पाणी बोअरचं. बाळ वरच्या दुधावर, पावडर पाण्यात कालवून बाटलीने प्यायचं. आबा त्या बाळाला मांडीवर घेऊन दिवसभर बसत आणि कुणालाच देत नसत.

लेखिका तेव्हा पाण्यावरच लेख लिहीत होती. शेतात टाकलेल्या खतांमधलं नायट्रेट झिरपत जमिनीखालच्या पाण्यात उतरतं. मोठ्या माणसांना त्याचं सहसा काही होत नाही, पण तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद त्याने कमी होऊ शकते. लेख फार नेटका झाला होता. मी वरून ऐकलं ना, ती स्वतःशीच पुटपुटत टाईप करत होती.

पुरवणीचा एक नियम आहे. लेखाच्या शेवटी वाचकाच्या हातात काहीतरी द्यायचं, नुसतं घाबरवून सोडायचं नाही. चांगला नियम आहे. पण त्या सकाळी तिला दुकानात जायला उशीर होत होता. तिने घड्याळ पाहिलं आणि पाण्याच्या प्रत्येक लेखाला द्यायची सवय झालेली ओळ हाताने आपोआप लिहून टाकली: 'पाण्याची तपासणी होईपर्यंत बाळांसाठीचं पाणी किमान पंधरा मिनिटं चांगलं उकळून वापरा.' लेख पाठवला, एक कागद छापून आबांसाठी टेबलावर ठेवला आणि पळाली.

मी कपाटावर तडफडले म्हटलं तरी चालेल. अहो, जन्मभर माझ्या पोटात काय चालतं? पाणी वाफ होऊन जातं, आणि त्यात जे मुरलेलं असतं ते मागे राहतं. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? पण रिकाम्या किटलीला शिट्टी मारता येत नाही.

आबांनी चष्मा लावून लेख वाचला, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. मग लेकीला हाक मारली. "इकडे ये. ऐक, वहिनीने काय लिहिलंय."

नणंद घाबरली. "आमच्याकडे तर बोअरचंच पाणी आहे, आबा!"

"म्हणून तर वाचतोय. उद्या पेपरात येईलच, पण तू आज संध्याकाळी घरी निघणार. पंधरा मिनिटं उकळायचं, असं लिहिलंय. चल, आत्ताच करून दाखवतो."

त्यांनी विजेची किटली भरली. टिक. बंद. पुन्हा बटण दाबलं. टिक. "ही काय पंधरा मिनिटं उकळणार! हिला दमच नाही," म्हणाले आणि त्यांनी वर पाहिलं. माझ्याकडे! स्टुलावर चढले, गुडघे कुरकुरले तरी चढले, मला खाली काढलं, विसळलं, भरलं आणि गॅसवर ठेवलं. बाळ नुकतंच झोपलं होतं, म्हणून माझ्या शिट्टीचं झाकण उघडंच ठेवलं.

मी उकळले. मग उकळतच राहिले. तेवढ्यात बाळ उठून रडायला लागलं आणि आबा त्याला खांद्यावर घेऊन खोलीभर फेऱ्या मारू लागले. पंधराची तीस मिनिटं कधी झाली, त्यांना कळलंच नाही. माझ्या पोटातलं पाणी खाली खाली जात होतं.

दाराची कडी वाजली. लेखिका दुकानातून आली, पिशवी खाली ठेवली आणि वाफेने भरलेलं स्वयंपाकघर बघून थबकली.

"आबा, हे काय चाललंय?"

"काय म्हणजे? पाणी उकळतोय बाळाचं."

"इतका वेळ?"

"तूच लिहिलंयस ना! जरा जास्त झालं असेल, त्याने काय बिघडतं? जास्त उकळलं तर अजून चांगलं."

ती हसत हसत गॅस बंद करायला आली. फडक्याने माझं झाकण उचललं आणि आत पाहिलं. गळ्यापर्यंत भरलेलं पाणी निम्म्यावर आलं होतं, आणि जिथे आधी पाणी होतं तिथे ताजी पांढरी कड उमटली होती. ती बघत राहिली. तिचं हसू हळूहळू विरलं. मला कळत होतं, ती आता तेच बघतेय जे मी केव्हापासून सांगू पाहत होते.

"पाणी गेलं," ती पुटपुटली. "बाकी सगळं इथेच राहिलं."

नणंद बाटली घेऊन आत येत होती. लेखिका एकदम ओरडली, "ताई, थांबा! बाटली ठेवा खाली!"

"अगं, काय झालं वहिनी?"

"इथलं पाणी ठीक आहे, नळाचं आहे, तपासलेलं आहे. पण घरी हे करू नका. अजिबात करू नका. उकळून जंतू मरतात, नायट्रेट नाही जात. पाणी आटतं आणि ते तेवढंच राहतं, म्हणजे उलट दाट होतं. मी बाळांना जास्तच पाजायला सांगितलंय, आबा! आणि पान आज छापायला जातंय!"

तिने फोन लावला. संपादकांचा फोन चालू होता. पुन्हा लावला. चालूच. ती ओट्याला टेकून उभी होती, एका हाताने माझी मूठ घट्ट धरून. मूठ तापलेली होती, तरी तिला कळत नव्हतं. किती घरांत उद्या सकाळी गॅसवर पाणी चढेल, कोण जाणे! आबांनी बाळाला आणखी घट्ट धरलं. मी गार व्हायचा प्रयत्न करत होते, दुसरं माझ्या हातात काय होतं?

शेवटी फोन लागला.

"सर, पान छपाईला सुटलं?"

"सुटतंय. का हो?"

"शेवटची ओळ चुकलीय. उकळायची."

"चुकली? अहो, पाण्याच्या प्रत्येक लेखात आपण उकळायलाच सांगतो."

"म्हणूनच चुकली, सर. हा जंतूंचा लेख नाही." आणि तिने सगळं भराभर सांगितलं.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग संपादकांनी कुणाला तरी ओरडून सांगितलं, "पान थांबवा! थांबवा म्हणतोय ना!" परत फोनवर आले. "ओळ काढून टाकू?"

"काढू नका. लोक एरवीही उकळतातच. उलटं लिहा."

"वर चित्र आहे, खाली जाहिरात. तेवढ्याच जागेत बसवा."

तिने डोळे मिटले आणि उभ्या उभ्या सांगितलं, "लिहा. 'नायट्रेट उकळल्याने जात नाही, उलट वाढतं. बाळाच्या दुधासाठी तपासलेलं दुसरं पाणी वापरा.'"

संपादकांनी ओळ वाचून दाखवली. "बसतेय. बरं झालं आत्ता सांगितलंत. उद्या छापून आल्यावर आपण कोपऱ्यात चार शब्दांची दुरुस्ती टाकली असती, ती वाचतं कोण?"

फोन ठेवला आणि लेखिका जिथे होती तिथेच जमिनीवर बसली. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आबा घाबरले. बाळ लेकीकडे दिलं, म्हणजे बघा किती घाबरले असतील! तिला पाण्याचा पेला दिला.

"आता कशाला रडतेस? पान थांबलं ना?"

"थांबलं म्हणूनच रडतेय." तिने डोळे पुसले आणि हसायलाच लागली. "आबा, मी लिहिते ते कुणी करून बघत असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं हो."

आबांना हे काही पटलं नाही. "मग काय आम्ही नुसतं वाचतो? तू लिहितेस आणि आम्ही करत नाही, असं कधी झालंय?" मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "शिवण कितीही चांगली असू दे, शेवटी गाठ नीट मारली नाही तर सगळी उसवते. तू मला नेहमी सुरुवातच वाचून दाखवायचीस. गाठ कधी दाखवलीस?"

त्या संध्याकाळी नणंद निघाली, तेव्हा तिच्या पिशवीत नळाच्या पाण्याचा मोठा कॅन होता. तो उचलताना तिला न्यायला आलेला नवरा वाकला, पण कुरकुरला नाही. पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. वसाहतीतल्या दोन बायका बाळांसाठी पाणी उकळत होत्या, पेपर वाचून थांबल्या. आता सगळ्यांनी मिळून बोअरचं पाणी तपासायला दिलंय. लेखिकेने फोन ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्या पोटावर कुणी हात फिरवला. मी गार होते तेव्हा, म्हणून बरं.

विजेची किटली अजून आहे. नवऱ्याला सकाळी घाई असते, त्याला ती बरी पडते. मला तिच्याशी काही भांडण नाही. कपाटावर मात्र मी परत गेले नाही. माझी जागा आता गॅसच्या शेजारी, आणि आतली पांढरी कड तशीच. तुमच्याही घरी कपाटावर एखादी शिट्टीवाली धूळ खात असेल, तर बाईसाहेब, भाऊसाहेब, तिला खाली काढा एवढंच माझं मागणं. पाहुण्यांची वाट बघू नका.

आजही लेख तयार आहे. मी गॅसवर बसलेय, बुडाला ऊब लागतेय. आबांनी चष्मा पुसला आणि समोरची खुर्ची ओढली. ती सुरुवात वाचायला गेली, तसा त्यांनी हात वर केला.

"विज्ञानबाई, गाठ आधी."

तिने पान उलटलं आणि शेवटच्या ओळीपासून वाचायला घेतलं. पोटात पाणी गुणगुणतंय, पण शिट्टी मी अजून दाबून धरलीय. ही ओळ मलाही ऐकायचीय.