पूजेतला स्कोप

यशस्विनीने चार्जरच्या कार्डावरून स्कोपच्या प्रोबची चिमटी काढली आणि नवऱ्याचा फोन टेबलावर उपडा ठेवला.

"शेवटचा व्हिडिओ गं," गगन म्हणाला. "स्वस्त स्कोपवर लिहितात एक, निघतं भलतंच. महागातला घेऊया. पण दिवाळीत भाव उतरतील. सुम्ने, उगीच घाई कशाला?"

"मला बिघाड श्रीनिधीच्या या स्वस्तातल्यावरही दिसतोय."

पाडव्यापासून हेच चाललं होतं. पाडव्याला महाग कंपनी, पंचमीला स्वस्त, गणपतीत पुन्हा महाग. तिचं डोकं उठलं होतं. विजेच्या रिक्षांचे चार्जर ती घरीच दुरुस्त करायची आणि दसऱ्यानंतर जवळच्या हूटगळ्ळीचा कारखाना आपलं सगळं काम तिला देणार होता. पण ओळखीच्या श्रीनिधीकडून मागून आणलेला, विजेची लहर पडद्यावर दाखवणारा हा ऑसिलोस्कोप तो आज परत नेणार होता. पडद्यावरची लहर दिसेनाशी झाली की ती आंधळी, आणि काम जाणार बंगळूरला.

ती तणतणत आंघोळीला गेली. परत येऊन पाहते तर सासऱ्यांनी, फत्तेसिंगरावांनी, आयुधपूजा मांडलेली. पाटावर घराण्याची तलवार, तिचा मल्टिमीटर, आणि मधोमध श्रीनिधीचा स्कोप. त्याला शेवंतीची माळ, पडद्यावर कुंकवाचं बोट.

"मामंजी, हा दुसऱ्याचा आहे."

"हात तर तुझाच चालतो की त्याच्यावर. आपल्यात चालत्या हत्याराची पूजा असते, नोड, बघ."

मुलाला ठरवता येत नाही आणि बापाला विचारता येत नाही. तिने ओढणीच्या टोकाने पडदा खसाखसा पुसला. मामंजी वातीला तूप लावत बसले.

तेवढ्यात श्रीनिधी दारात आला. त्याच्या हातात स्कोपचं मूळ खोकं होतं.

"न्यायला आलात ना? थांबा, माळ काढते," ती ओशाळून म्हणाली.

"नेऊ कसा?" तो कन्नडात म्हणाला. "रावांनी परवाच विकत घेतला. खोकं आणि दुसरा प्रोब तेवढा द्यायचा राहिला होता. आरतीनंतर तुम्हाला सांगणार होते म्हणे."

गगन उठून उभा राहिला. "पण बाबा, त्याची बँडविड्थ..."

"ते मला कळत नाही. तिला दिसतंय नव्हं?"

यशस्विनीने ओढणीवरच्या लाल डागाकडे पाहिलं. मग ती पाटासमोर बसली, कुंकवाचा करंडा जवळ ओढला आणि स्वच्छ पुसलेल्या पडद्यावर स्वतःच्या हाताने बोट टेकवलं.