ताक मागणाऱ्या बाईंचा पुठ्ठा

टाळेबंदीआधीचा आमचा शेवटचा नेहमीचा दिवस कळस गावात गेला. आमचा म्हणजे विजयमालाबाईंचा आणि माझा. मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे. माझ्यावर ई-सिगारेटची चित्रे छापून वरून प्लास्टिक चढवले आहे. एक पेनासारखी दिसते, एक पेनड्राइव्हसारखी, एक तर मोटारीच्या चावीसारखी. बंदी आली तरी पोरांच्या खिशातून ती गावोगाव पोचते. तिचे नाव सगळ्यांना ठाऊक नसते, पण चित्र ओळखता येते. म्हणून मला बनवले.

विजयमालाबाई एका संस्थेसाठी इंदापूर आणि बारामतीच्या गावांत पाहणी करत. तरुणांना एकट्याने विचारायचे, असा नियम होता. आता शेतकऱ्याच्या घरात एकटे कोण सापडते? त्यावर बाईंनी आपली रीत काढली होती.

त्या दिवशी त्यांची मुलगी संस्कृती त्यांना स्कूटरवरून घेऊन आली होती. ती बारामतीत कॉलेजात शिकवते. बाई ओसरीवर बसल्या आणि छबूबाईंना म्हणाल्या, "मावशी, चहा नको. घोटभर ताक मिळंल का?" छबूबाई ताक घुसळायला आत गेल्या. त्यांचे मालक रामहरीतात्या मात्र खाटेवरून हलेनात. "तात्या, पोरगी उन्हात उभी हाय. गाडी कुठं लावायची तेवढं दावता का?" तात्या उठले. मग बाईंनी त्यांच्या नातवापुढे, माऊलीपुढे, मला धरले. यातले काही ओढतोस का, असे हळूच विचारले. त्याने माझ्यावर बोट ठेवले. पेनासारख्या चित्रावर.

बाईंनी ताक संपवले. परतताना संस्कृती चिडली होती. "आई, लोकांच्या दारात ताक काय मागतेस? आपण उपाशी आहोत का?" बाई हसल्या आणि त्यांनी मला पिशवीत सरकवले.

मग साथ आली. पाहणी फोनवर गेली. आधीच्याच घरांना फोन लावायचे, तेच प्रश्न विचारायचे. मी टेबलावर पडून ऐकत असे. कोणी बाईंना बँकेच्या नावाने फसवणारी समजे. "ओटीपी न्हाय मिळायचा, बाई, दुसरं घर बघा." कोणी विचारी, ई-सिगारेट म्हणजे काय? बाई शब्दांत सांगत, आणि मी शेजारी नुसता पडून.

एके दिवशी कळसचा फोन लागला. तात्यांनी तो स्पीकरवर टाकला. "इचार, बाई. समद्यांना ऐकू येतंय." बाईंनी पोराला एकट्याला मागून पाहिले. तात्या म्हणाले, "आमच्या घरात लपवाछपवी नसती." मग माऊलीचा आवाज आला, "न्हाय. कधीच न्हाय."

सांगितलेले उत्तर लिहायचे, हाही नियम होता. बाईंनी 'नाही' लिहिले. मग संस्थेच्या साहेबांना फोन करून सांगितले, की ओसरीवरचे उत्तर आणि स्पीकरवरचे उत्तर एकाच मापाने मोजू नका. साहेब म्हणाले, तुम्ही फक्त उत्तरे पाठवा.

त्या संध्याकाळी त्यांनी मुलीला ताकाचे कारण सांगितले. घराचे नाव सांगितले नाही. संस्कृतीने नुसते "हं" म्हटले. पुढच्या लाटेत बाई दवाखान्यात गेल्या त्या परत आल्या नाहीत.

मित्रांनो, फोनवर माझा राग नाही. त्या दिवसांत दारोदार जाणे जिवावरचे होते, फोन लावले हे बरोबरच केले. माझा राग साथ सरल्यावरचा आहे. माणसांची दुकाने उघडली, लग्ने झाली, बाजार भरले. मी मात्र पिशवीतच राहिलो, कारण फोन सोयीचा होता आणि त्यावर येणारी उत्तरे गोड होती.

गेल्या महिन्यात इंदापुरात संस्थेचा कार्यक्रम झाला. साहेबांनी पडद्यावर ई-सिगारेट ओढणाऱ्यांच्या आकड्याचे दोन खांब दाखवले. साथीआधीचा उंच, नंतरचा बुटका. तरुणांनी व्यसन सोडले, असे ते म्हणाले. टाळ्या पडल्या. यापुढे पाहणी कायमची फोनवरच होईल, हेही सांगून झाले. माऊलीचे ते 'नाही' त्या बुटक्या खांबात होते. आता त्याला पुन्हा कोणी एकट्याने विचारणार नव्हते.

बाईंच्या फोटोला हार घातला होता. घरी बसून एवढे फोन केले म्हणून त्यांचा सत्कार होता. संस्कृतीला शाल देऊन दोन शब्द बोलायला सांगितले. तिने शाल टेबलावर ठेवली. आईच्या पिशवीतून मला काढून शालीशेजारी ठेवले. तिचा आवाज चढला नाही.

"माझी आई लोकांच्या घरी ताक मागायची. मला लाज वाटायची. तिला ताक सोसत नव्हतं, प्यायलं की गुडघे धरायचे. घरातलं माणूस उठून आत जावं, पोराला एकट्याला विचारता यावं, म्हणून ती मागायची. फोनवर ताक मागता येत नाही. हा खांब त्यामुळे बुटका आहे. तिनं तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिले. ती फोटोकडे वळली.

"आई, तुझं बरोबर होतं. त्या संध्याकाळी मी हे बोलायला पाहिजे होतं."

मग तिने मला उचलून साहेबांपुढे धरले, चित्रे त्यांच्याकडे करून.

"पुन्हा घरोघर पाठवा. मी जाते. ताक मी मागंन."