जोडणीचा वेग

कागद गिरणीतलं गुंडाळणी यंत्र नव्या क्वांटम संगणकाच्या ताब्यात गेलं, तेव्हा कामगारांनी त्याचं नाव ‘जावई’ ठेवलं. बर्फाहून थंड खोलीत बसायचं, इकडची काडी तिकडे करायची नाही आणि घर मात्र आपणच चालवायचं! यंत्राचा वेग, कागदाचा ताण, सगळ्या वाटा तो डोळ्याचं पातं लवायच्या आत तपासायचा आणि एक निवडायचा. जमलं की गुण मिळायचे, कागद फाटला की जायचे. असा ठेचा खात शिकायचा.

पण पहिले धडे त्याने जोडणीवाल्याच्या बायकोकडून घेतले होते. ती यंत्र चालवायची आणि नवरा खाली संपत आलेल्या रिळाला नवा कागद जोडायचा. त्याचा हात रुळांजवळ गेला की ती वेग किंचित उतरवायची. घरून भांडून आलेली असली तरी उतरवायचीच. तिचं चालवणं जसंच्या तसं नोंदवून जावयाला शिकवलं होतं. पुढे ती वारली. जोडणीला लोखंडी हात आला आणि जोडणीवाला नुसता देखरेखीला उरला. तरी प्रत्येक जोडणीला यंत्र तसंच दबकायचं. तेवढ्यासाठी तो कामावर यायचा.

त्या सोमवारी यंत्र दबकलं नाही.

तो तडक लेकीच्या टेबलापाशी गेला. जावयाला शिकवणारी तीच.

“आईची सवय मोडलीस?”

“मी नाही, बाबा. त्यानेच सोडली. वेग उतरवून त्याच्या पदरात काही पडेना.”

“मग दे की त्याचे थोडे गुण.”

“कशाबद्दल देऊ? सांगा, आत्ता घालते.”

“माझ्या हाताबद्दल.”

“तुमचा हात असतो का तिथे आता?”

त्याने दोन्ही हात खिशात घातले.

“माझी नव्हती का ती कोणी?” लेकीचा आवाज चढला.

“होती ना. म्हणून तर असला जावई आणलास. सासूला पार घराबाहेर काढलं त्याने.”

तो खाली येऊन कठड्याला टेकला. नवं रीळ आलं. यंत्र भरधाव होतं. फाट, तो मनात म्हणाला, एकदा तरी फाट. कागद जोडला गेला. साधी सुरकुतीसुद्धा पडली नाही.

त्याचे दोन्ही हात खिशातच होते. तरी त्याने ते मागे ओढले.